टायरांचा ट्रेलर आणि परतीचा घाट

प्रश्न : मी रत्नागिरीत राहतो. माझ्याकडे पोर्शे ७१८ केमन ही दोन आसनांची गाडी असून वर्षातून दोन-तीन वेळा मी ती कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर ट्रॅक डेसाठी, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी वेगाने चालवण्याच्या दिवसासाठी, घेऊन जातो. ट्रॅकवर वापरायचे टायर वेगळ्या रिमवर बसवलेले आहेत आणि ती चार चाके, जॅक व हत्यारे काही केल्या गाडीत मावत नाहीत. परदेशात अशा गाड्यांच्या मागे केवळ टायर नेण्यासाठी छोटा ट्रेलर लावतात. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची क्षमता दिलेलीच नाही. परंतु ३०० अश्वशक्तीच्या गाडीला अडीचशे किलो ओढणे जड का जावे, हे मला समजत नाही. असा ट्रेलर घ्यावा का?

उत्तर : आपली गाडी तो ट्रेलर सहज ओढील, याबद्दल दुमत नाही. आंबा घाटाच्या चढावर गाडीमागे काही आहे हे आपल्याला आरशात पाहिल्याशिवाय कळणारही नाही. म्हणूनच अश्वशक्तीचा आकडा या प्रश्नात फारसा उपयोगी नाही. ट्रेलर मागे सरळ राहील का, गाडीबरोबर तो थांबेल का आणि कायद्याच्या दृष्टीने त्याला रस्त्यावर जागा आहे का, हे तीन प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत.

प्रथम वजनाचा हिशेब मांडू. १८ इंची रिम व टायर मिळून एक चाक २० ते २५ किलोचे धरावे, म्हणजे चार चाकांचे साधारण ९० किलो झाले. जॅक, टॉर्क पाना आणि बाकीची हत्यारे ३० किलो, तंबू, खुर्च्या व पाणी २५ किलो आणि रिकामा ट्रेलर ११० किलो धरला, तर एकूण वजन २५५ किलोपर्यंत जाते. आपली गाडी सुमारे १३५० किलोची आहे. तिच्यात चालकाचे वजन मिळवले, तरी ट्रेलरमुळे एकंदर वजनात एक-षष्ठांशाहून थोडी अधिक भर पडते, आणि या वाढीव वजनाला स्वतःचे ब्रेक नसतात. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही, हे खरे आहे. पण तेथेही तो ओढणारी गाडी त्या कामासाठी मान्यता मिळालेली असावी लागते.

आता सरळ राहण्याविषयी. बैलगाडी भरणाऱ्या माणसाला जे ठाऊक होते, तेच येथे लागू पडते. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या मानेखालचा पट्टा गळ्याशी येतो. माल पुढे जास्त झाला, तर सगळा भार मानेवर बसतो. ट्रेलर उलाळ झाला, तर त्याची दांडी गाडीचा मागचा भाग वर उचलू पाहते आणि वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. हे झुलणे विशिष्ट वेगापर्यंत आपोआप विरते. त्या वेगापुढे मात्र प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होत जातो. म्हणून ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकवर यावा, असा ढोबळ दंडक पाळतात. आपल्या बाबतीत हा भार २५ ते ३८ किलो होतो. तो मोजायला यंत्र लागत नाही. ट्रेलर सपाट जागी उभा करावा आणि दांडीचे टोक हुकच्या उंचीवर येईल अशा बेताने खाली लाकडी ठोकळा व आंब्याच्या पेट्या तोलायचा काटा ठेवावा. काटा दाखवील तोच हुकवरचा भार.

हा भार डिकीत ठेवलेल्या बॅगेएवढाच आहे, असे वाटणे साहजिक आहे; परंतु तो मागच्या आसाच्याही बऱ्याच मागे पडतो. केमनच्या दोन आसांमधील अंतर २४७५ मिलिमीटर आहे. हुक मागच्या आसापासून साधारण ११०० मिलिमीटर मागे आला, तर ३० किलोच्या भारामुळे मागच्या आसावर ४३ किलो चढतात आणि पुढच्या आसावरचे १३ किलो कमी होतात. आकडा लहान आहे, पण इंजिन मध्यभागी असलेल्या या गाडीत पुढच्या चाकांवर मुळातच कमी वजन असते. शिवाय केमनची धुराड्याची नळी मागे अगदी मधोमध निघते, नेमकी जेथे हुक हवा असतो तेथेच. उष्ण वायूचा झोत ट्रेलरच्या दांडीवर आणि दिव्यांच्या वायरींवर पडणार नाही, असा हुक या गाडीला बसवणे हे साध्या वेल्डिंगचे काम नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका स्नेह्याची छोटी होडी जीपमागच्या ट्रेलरवरून मालवणहून आणत होतो. होडीचे इंजिन आम्ही सोयीसाठी होडीच्या मागच्या कडेलाच राहू दिले होते. एका साध्या उतारावर वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गेला आणि ट्रेलर असा झुलू लागला की, जीप आपण चालवत आहोत की ट्रेलर चालवत आहे, हे कळेना. मी घाईने ब्रेक दाबला आणि झोके वाढले. पाय काढून घेतला, स्टीअरिंग सरळ धरून ठेवले, तेव्हा ते हळूहळू थांबले. पुढच्या गावात इंजिन उतरवून दांडीजवळ बांधले आणि उरलेला प्रवास निर्धोक झाला. ट्रेलरही तोच होता आणि वजनही तेवढेच होते. फक्त चाळीसेक किलोंची जागा बदलली होती.

हे सविस्तर सांगण्याचे कारण आपल्या परतीच्या प्रवासात दडलेले आहे. कोकणात राहणाऱ्या माणसाला जाताना घाट चढावा लागतो आणि येताना तो उतरावा लागतो. जाताना गाडी तंदुरुस्त असते, ब्रेक ताजे असतात, ट्रेलर नीट तोललेला असतो. येताना या तिन्ही गोष्टी बदललेल्या असतात. ट्रॅकवर दिवसभर जोरात दाबलेल्या ब्रेकचे पॅड झिजलेले असतात आणि ब्रेक ऑइल बहुधा एकदा तरी उकळण्याच्या बेतात आलेले असते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. तेच ऑइल हवेतील ओलावा शोषून मुरले की किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आपल्या किनाऱ्यावरील हवेत ओलाव्याला तोटा नाही. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही : पाणी आणि पेट्रोल सामान्यतः ट्रेलरच्या पुढच्या पेटीत ठेवले जाते आणि ट्रॅकवर दोन्ही संपते. पुढचे २०-२५ किलो गेले की, निघताना बरोबर तोललेला ट्रेलर परतताना उलाळ होतो. मग कोल्हापूर सोडल्यावर, हजारेक किलोमीटरच्या प्रवासाने शिणलेला चालक, थकलेले ब्रेक आणि मागे उलाळ ट्रेलर अशा स्थितीत आंबा घाटाचा उतार सुरू होतो.

यावर उपाय आहेत. पाणी व पेट्रोल यांसारख्या संपणाऱ्या वस्तू ट्रेलरच्या आसाच्या नेमक्या वर ठेवाव्यात, म्हणजे त्या संपल्या तरी तोल बदलत नाही. चाके आसाच्या किंचित पुढे, आडव्या दांड्यात ओवून उभी बांधावीत. परतण्यापूर्वी भार पुन्हा मोजावा. ट्रॅकवरून निघताना पॅडची जाडी पाहावी आणि पेडल मऊ लागत असेल, तर ऑइलमधील हवा काढल्याशिवाय निघू नये. घाट दिवसाउजेडी उतरावा, गिअरबॉक्स स्वयंचलित स्थितीत न ठेवता खालच्या गिअरमध्ये धरावा आणि ब्रेकवर पाय ठेवून न रेंगाळता थोडा वेळ ठामपणे दाबून पुन्हा सोडावा. वेगाची मर्यादा ताशी ८० किलोमीटर समजावी. आपल्या गाडीचा जन्म ज्या जर्मनीत झाला, तेथे ट्रेलर जोडलेल्या मोटारीला ऑटोबानवरही सर्वसाधारण मर्यादा ८० चीच आहे.

ट्रेलरची चाके हा वरवर क्षुल्लक वाटणारा, पण वाटेत अडकवून ठेवणारा भाग आहे. ताशी ८० च्या वेगाला आपल्या गाडीचे मागचे चाक मिनिटाला सुमारे ६१० फेरे घेते. रिक्षाचे ८ इंची चाक त्याच वेगाला हजाराहून अधिक फेरे घेते, आणि रिक्षाचा टायर काही तासन्‌तास त्या वेगाने धावण्यासाठी केलेला नसतो. अल्टोचे १२ इंची चाक सुमारे ७९० फेऱ्यांत भागवते आणि त्याचा टायर हुबळीपासून होसूरपर्यंत कोठेही मिळतो. म्हणून १२ इंची चाकांचाच ट्रेलर पाहावा. पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरनंतर थांबून चाकाच्या तुंब्याला हात लावावा; तो कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग घट्ट आहे किंवा त्यात ग्रीस नाही. हुकखेरीज दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून बांधाव्यात, म्हणजे दांडी निसटली तरी रस्त्यावर न रुतता साखळ्यांच्या झोळीत अडकते.

आता कायद्याचा भाग, आणि माझ्या मते खरी अडचण येथेच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २ मधील व्याख्येनुसार ट्रेलर हा स्वतःच ‘मोटार वाहन’ ठरतो. त्यामुळे त्याची नोंदणी करावी लागते आणि विमाही लागतो. कलम ६१ नुसार ट्रेलरचा स्वतःचा क्रमांक त्याच्या बाजूवर आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक त्याच्या मागे दिसावा लागतो. नोंदणीसाठी ट्रेलर अशा उत्पादकाचा हवा, ज्याने त्याच्या नमुन्याची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून करून घेतली आहे. दुसरीकडे कलम ५२ हे उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल गाडीत करण्यास मनाई करते, आणि आपल्या गाडीच्या उत्पादकाने ट्रेलर ओढण्याची क्षमता दिलेलीच नाही. तेव्हा एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी हुक आणि ट्रेलर या दोन्हींविषयी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी ‘चालतंय’ या शब्दाला अपघातानंतर काहीही किंमत राहत नाही.

माझे स्पष्ट मत विचाराल, तर वर्षातून दोन-तीन फेऱ्यांसाठी केमनमागे ट्रेलर लावू नये. चार चाके कापडी पिशव्यांत बांधून मालवाहतुकीने आठवडाभर आधी कोइंबतूर किंवा चेन्नईच्या ओळखीच्या गॅरेजकडे पाठवावीत आणि आपण रस्त्यावरच्या टायरवर निवांत जावे. ट्रॅकचेच टायर लावून घरून निघण्याचा मोह मात्र टाळावा. आपल्याकडचा पाऊस ऑक्टोबरात सरतो, तेव्हाच तमिळनाडूत ईशान्य मोसमी पावसाला सुरुवात होते. रत्नागिरीच्या उन्हात निघालेला माणूस श्रीपेरुंबुदूरला साचलेल्या पाण्यात पोहोचू शकतो आणि उथळ खाचांचे टायर तेथे पाण्यावर तरंगतात.

प्रश्न : गाडीच्या बंपरमध्ये झाकणामागे आटे असतात आणि त्यात टो-हुक फिरवून बसवता येतो. त्यालाच ट्रेलरची दांडी ज्यावर बसते तो लोखंडी गोळा वेल्ड करून हलका ट्रेलर जोडला, तर कायमचा हुक बसवण्याचा खर्च वाचेल का? (चिपळूण)

उत्तर : कृपया असे करू नये. तो हुक अडकलेली किंवा बंद पडलेली गाडी हळू वेगाने ओढून काढण्यासाठी असतो आणि त्यावर फक्त सरळ ताण यावा, अशी अपेक्षा असते. ट्रेलरची दांडी त्याच्यावर वरून भार टाकते, प्रत्येक खड्ड्यात त्याला वर-खाली हिसके देते आणि वळणावर बाजूला ओढते. एकाच आट्यावर बसलेला हुक अशा हिसक्यांनी उलट फिरून सैल होऊ शकतो. त्यातच बहुतेक गाड्यांत तो मधोमध नसून एका बाजूला असतो, म्हणजे ट्रेलर कायम एका कुशीवरून ओढला जाईल. खरा हुक बंपरच्या आतील आडव्या पट्टीच्या जागी किंवा तिच्यासह, चासीच्या दोन्ही बाजूंना बोल्टने बसतो. त्याबरोबर दिव्यांचाही विचार करावा. आधुनिक गाडीचा संगणक मागच्या दिव्यांचा विद्युतभार मोजत असतो. त्या वायरींना थेट ट्रेलरचे दिवे जोडले की दोषाचा इशारा पेटतो. त्यासाठी बॅटरीवरून स्वतंत्र प्रवाह घेणारा रिले संच वापरावा.

प्रश्न : ट्रॅकजवळ चांगले पेट्रोल मिळेलच असे नसते, म्हणून मी दोन प्लास्टिकच्या कॅनमधून ४० लिटर पेट्रोल नेतो. ते ट्रेलरवर ठेवले तर अधिक सुरक्षित होईल का? तसेच ट्रॅकवर जाण्या-येण्याचा प्रवास विम्यात येतो का? (सावंतवाडी)

उत्तर : जागा बदलल्याने चूक दुरुस्त होत नाही. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंतच जवळ बाळगता येते. ते घट्ट झाकणाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात असावे लागते आणि धातूच्या भांड्याची मर्यादा २५ लिटरची आहे. प्लास्टिकचा कॅन त्यात बसत नाही. ट्रेलरवर धातूचा कॅन ठेवायचाच असेल, तर तो उभा व पट्ट्याने आवळलेला असावा आणि धुराड्यापासून दूर असावा. उघड्या उन्हात तो भरगच्च भरू नये, फुगण्यास जागा ठेवावी.

विम्याविषयी आपली पॉलिसी काढून ‘वापराच्या मर्यादा’ हा मजकूर वाचावा. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यती आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकच्या फाटकाच्या आत काही झाले, तर त्या पॉलिसीवर विसंबू नये. रस्त्यावरचा प्रवास हा वेगळा विषय आहे; पण ट्रेलर लावणार असाल, तर तो पॉलिसीत नमूद करून घ्यावा, कारण न कळवलेला ट्रेलर हे दावा अडवण्याचे आयतेच कारण ठरते.

प्रश्न : माझ्याकडे ट्रेलर ओढण्यास मान्यता असलेली मोठी गाडी आहे. दापोलीहून निघताना दाभोळ-धोपावे फेरीबोटीने जायचे झाल्यास छोटा ट्रेलर मागे घेता येत नाही. क्षणात आडवा होतो. काही युक्ती आहे का? (दापोली)

उत्तर : ट्रेलर जितका आखूड, तितका तो मागे घेताना लवकर दुमडतो. मोठ्या ट्रेलरला विचार करायला वेळ मिळतो, याला मिळत नाही. त्यातून तो गाडीपेक्षा अरुंद असल्याने आरशात दिसतच नाही; त्याच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांना रंगीत काठ्या उभ्या कराव्यात. खरी युक्ती अशी की, ट्रेलर सोडवून हातानेच ढकलावा. सपाट जागी अडीचशे किलोचा ट्रेलर एक माणूस हलवतो. जेट्टीच्या उतारावर मात्र दोघे लागतील आणि चाकामागे दगड लावायला तिसरा असावा. बोटीच्या फळीचा आणि जेट्टीचा जेथे कोन होतो, तेथे दांडी खाली टेकते, म्हणून ओहोटीच्या वेळी, जेव्हा उतार अधिक तीव्र असतो, तेव्हा आधी चालत जाऊन पाहून यावे.

प्रश्न : पावसाळ्याचे चार महिने ट्रॅकचे टायर आणि ट्रेलर पडून असतात. त्यांची काळजी कशी घ्यावी? (देवगड)

उत्तर : टायर धुऊन, पूर्ण वाळवून, काळ्या जाड पिशवीत हवा काढून बांधावेत आणि अंधाऱ्या, कोरड्या खोलीत ठेवावेत. पडवीत पंपाची मोटर असेल, तर तिच्याजवळ ठेवू नयेत. विजेच्या ठिणग्यांतून निर्माण होणारा ओझोन रबराला बारीक भेगा पाडतो. रिमवर बसवलेली चाके थोडी हवा कमी करून एकावर एक आडवी रचावीत. नुसते टायर असतील, तर उभे ठेवून अधूनमधून फिरवावेत. चमक आणणारे तेलकट द्रव लावू नयेत. टायरच्या कडेवर चार आकडी निर्मितीचा शिक्का असतो, उदाहरणार्थ ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५ वा आठवडा. ट्रॅकचा मऊ टायर खाचा शिल्लक असतानाही वयाने आणि तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी कडक होतो, म्हणून खाचांपेक्षा हा शिक्का आधी पाहावा.

ट्रेलरचा शत्रू पावसापेक्षा खारी हवा आहे. चौकोनी पाइपच्या सांगाड्यात पाणी साचून तो आतून कुजतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत नवा दिसतो; म्हणून पाइपच्या खालच्या टोकांना निचऱ्याची भोके आहेत का, ते पाहावे. शक्य असल्यास रंगवलेल्यापेक्षा गॅल्व्हनाइज केलेला सांगाडा घ्यावा. मे महिन्याच्या शेवटी आस ठोकळ्यांवर उचलून चाके मोकळी करावीत, बेअरिंग उघडून जुने ग्रीस पुसून नवे भरावे, हुकच्या गोळ्याला ग्रीस लावून त्यावर जुनी सायकलची ट्यूब चढवावी आणि रॅचेट पट्टे घरात टांगावेत. दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढाल, तेव्हा प्रत्येक चाक हाताने फिरवून कान द्यावा. खरखर ऐकू आली, तर ते बेअरिंग लगेच बदलावे.